इंजिन बदलले, बिघाड सांध्यात

संकेश्वर–बांदा मार्गावर गडहिंग्लजच्या पुढे आजरा आणि आजऱ्याच्या पुढे आंबोलीचा घाट, असा हा मुलूख चढउतारांचा आणि मुसळधार पावसाचा असून येथील वाड्यावस्त्यांवरचे वडाप, म्हणजे खासगी प्रवासी वाहतूक, अनेक वर्षे जीपच्या बळावर चालले. डिझेल पेट्रोलपेक्षा स्वस्त आणि डिझेल इंजिन कमी फेऱ्यांवरही चढावर चांगले ओढणारे, या दोन कारणांमुळे जुन्या पेट्रोल जीपचे इंजिन उतरवून तेथे डिझेल इंजिन बसवण्याचा प्रघात पडला. महिंद्राच्या एमएम ५४० जीपमध्ये येणारे, फ्रान्सच्या प्यूजो कंपनीच्या आराखड्याचे, २,११२ घनसेंटिमीटर क्षमतेचे एक्सडीपी इंजिन हे त्या पिढीचे परिचित उदाहरण होय. नव्या इंजिनाची आणि जुन्या गिअरबॉक्सची बोल्टांची भोके जुळत नसतील, तर दोहोंच्या मध्ये बसणारी जाड प्लेट कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात लेथवर कातून मिळते. त्यामुळे यंत्रांची आवड असलेल्या मालकाने चेनपुली टांगून हे काम स्वतःच अंगावर घ्यावे, यात नवल नाही.

खरी परीक्षा इंजिन बसल्यानंतर सुरू होते. सेल्फ, म्हणजे स्टार्टर मोटार, फिरतो पण इंजिन पकडत नाही, पकडले तर पांढरा धूर सोडून बंद पडते, चालू राहिले तर पहिल्याच चढावर पाणी उकळते. अशा वेळी नोझल किंवा हेड उघडण्याची घाई केली जाते आणि ती बहुधा महागात पडते. जे इंजिन आधीच्या गाडीत नीट चालत होते, ते केवळ जागा बदलल्याने आतून नादुरुस्त होत नाही. बदललेले असतात ते त्याचे गाडीशी असलेले सांधे, म्हणजे वीज, इंधन, पाणी आणि निर्वात (व्हॅक्यूम) यांच्या जोडण्या. म्हणून शोधाची सुरुवात बाहेरून करावी, आणि जे तपासायला सर्वांत स्वस्त ते सर्वांत आधी तपासावे.

विजेच्या जोडणीपासून प्रारंभ करणे सर्वांत फलदायी ठरते. इंजिन रबरी माउंटिंगवर बसते आणि रबर वीज वाहू देत नाही, म्हणून इंजिन व चासी यांना जोडणारी तांब्याची विणलेली अर्थिंगची पट्टी आवश्यक असते. इंजिन उतरवताना सुटलेली ही पट्टी परत लावायची राहून जाते, किंवा गंजलेल्या, रंग चढलेल्या पत्र्यावर आवळली जाते. डिझेल इंजिन फिरवताना सेल्फ सुमारे २०० अँपिअर प्रवाह ओढतो. सांध्यात एका ओहमचा केवळ शंभरावा भाग एवढा रोध असला, तरी ओहमच्या नियमानुसार २०० गुणिले ०.०१ म्हणजे २ व्होल्ट तेथेच खर्च होतात, आणि १२ व्होल्टच्या बॅटरीतून सेल्फपर्यंत पोहोचणारा विद्युतदाब तेवढ्याने घटून इंजिन मंद फिरते. मल्टिमीटरची एक तार बॅटरीच्या ऋण टोकावर, दुसरी इंजिनाच्या उघड्या धातूवर धरून सेल्फ मारला आणि काटा अर्ध्या व्होल्टच्या वर गेला, तर दोष अर्थिंगचा आहे, असे निश्चित समजावे. पट्टीच नसेल, तर प्रवाह ॲक्सिलरेटरच्या केबलमधूनही वाट काढतो आणि ती केबल हाताला चटका बसेल इतकी तापते. आजऱ्यासारख्या पावसाळी भागात पत्र्याचा गंज लवकर वाढतो, म्हणून पट्टीखालची जागा पॉलिश पेपरने चकचकीत घासून, बोल्ट आवळून वर ग्रीसचा लेप देणे हिताचे असते.

विजेच्या या सांध्याचा धुराशी थेट संबंध आहे, तो असा. रुडॉल्फ डिझेल याचे इंजिन १८९७ मध्ये यशस्वीपणे चालले ते ठिणगीवाचून, केवळ हवा दाबल्याने निर्माण होणाऱ्या उष्णतेवर, आणि आजही तत्त्व तेच आहे. प्री-चेंबरच्या, म्हणजे सिलिंडरला लागून ज्वलनाची वेगळी छोटी खोली असलेल्या जुन्या डिझेल इंजिनात हवा मूळच्या सुमारे बाविसाव्या हिश्श्यापर्यंत दाबली जाते, आणि इंजिन योग्य वेगाने फिरत असेल तर तिचे तापमान सहाशे अंश सेल्सिअसच्या आसपास जाते. फवारलेले डिझेल या उष्णतेने आपोआप पेटते. इंजिन मंद फिरले की दाबलेल्या हवेला रिंगांच्या फटींतून निसटायला आणि सिलिंडरच्या गार भिंतींना उष्णता द्यायला अधिक वेळ मिळतो, तापमान खाली राहते, आणि न जळलेल्या डिझेलची वाफ पांढऱ्या धुराच्या रूपाने बाहेर पडते. म्हणजे धूर पाहून ज्या नोझलवर संशय जातो ते निर्दोष असू शकते, आणि दोष अर्थिंगच्या पट्टीत किंवा प्री-चेंबर तापवणाऱ्या, पण वीज न मिळालेल्या हीटर प्लगमध्ये निघू शकतो. काळा धूर मात्र हवेच्या मानाने डिझेल जास्त झाल्याची, आणि निळा धूर इंजिन ऑइल जळत असल्याची खूण मानली जाते.

इंधनाच्या जोडणीत मुख्य शत्रू हवा. द्रव फारसा दाबला जात नाही, हवा मात्र सहज दाबली जाते. नोझल उघडायला वातावरणाच्या शंभरपटीहून अधिक दाब लागतो, पण पाइपात बुडबुडा असेल तर पंपाचा सारा रेटा तो बुडबुडा आवळण्यातच जातो आणि नोझल उघडतच नाही. गॅरेजमध्ये ज्याला हवा काढणे म्हणतात ते यासाठी: फिल्टरचा स्क्रू सैल करून हातपंप मारायचा, बुडबुड्यांविना डिझेल येऊ लागले की तो आवळायचा, आणि मग हीच रीत डिझेल पंपाशी करायची. हवा काढूनही दुसऱ्या दिवशी सकाळी तीच तक्रार आली, तर टाकीकडून येणारा पाइप कोठेतरी हवा ओढत आहे. फिल्टर आणि पंप यांच्यामध्ये काही वेळ पारदर्शक नळीचा तुकडा जोडला की बुडबुडे डोळ्यांना दिसतात. मूळच्या पेट्रोल गाडीत एक अडचण आणखी असते. डिझेल पंप आणि नोझल यांतून उरलेले इंधन टाकीत परतावे लागते, पण जुन्या पेट्रोल टाकीला अशी परतीची वाट बहुधा नसते, ती स्वतंत्रपणे करून द्यावी लागते. चालू इंजिनाच्या नोझलचा नट सैल करताना हात आणि डोळे दूर ठेवणे अत्यावश्यक आहे, कारण उच्च दाबाचा डिझेलचा फवारा कातडी भेदून आत शिरू शकतो.

टायमिंगची, म्हणजे डिझेल फवारण्याच्या क्षणाची, चूक पंप उतरवला असेल तेव्हाच संभवते. चार टप्प्यांच्या इंजिनात क्रँकच्या दोन फेऱ्यांत कॅमची एकच फेरी होते, त्यामुळे फ्लायव्हीलवरची खूण दोनदा जुळते: एकदा पहिल्या सिलिंडरमध्ये हवा दाबली जाताना, एकदा धूर बाहेर जाताना. दुसऱ्या जुळणीवर पंप बसवला, तर डिझेल पूर्ण ३६० अंश चुकून फवारले जाते आणि इंजिन कितीही फिरवले तरी पकडत नाही. पहिल्या सिलिंडरचे दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले आणि चौथ्याचे हलत असतील, तीच खूण खरी.

पाणी उकळण्याबाबत रेडिएटर लहान असल्याचा निष्कर्ष काढण्यापूर्वी पाहावे की त्याचे तोंड इंजिनातील पाण्याच्या सर्वोच्च जागेपेक्षा खाली तर नाही. तसे असल्यास हवा इंजिनातच कोंडते आणि हेडच्या काही भागाला पाणी मिळत नाही. जुन्या जीपचा तापमानाचा काटा नव्या इंजिनाच्या सेन्सरशी जुळेलच असे नाही, म्हणून त्याचे आकडे एकदा थर्मामीटरशी पडताळून घ्यावेत.

इंजिन बदलल्यावर नोंदणीपत्रातील इंजिन क्रमांक बदलतो. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार असे बदल नोंदणी प्राधिकरणाला कळवावे लागतात आणि इंधनाचा प्रकार बदलत असेल तर परवानगी आधी घ्यावी लागते. एमएच ०९ क्रमांकाच्या गाडीसाठी हे काम कोल्हापूरच्या प्रादेशिक परिवहन कार्यालयात होते.

शेवटची तपासणी ब्रेकची, आणि महत्त्वाने ती पहिली. पेट्रोल इंजिनात थ्रॉटलची झडप हवा अडवते, त्यामुळे झडपेमागे निर्वात तयार होतो आणि तो ब्रेक बूस्टरला, म्हणजे पायाचा जोर वाढवणाऱ्या डब्याला, बळ देतो. बहुतेक डिझेल इंजिनांत अशी झडप नसते, म्हणून निर्वात पंप वेगळा लागतो आणि तो सामान्यतः अल्टरनेटरला जोडलेला असतो. इंजिन बंद असताना पेडल चार-पाच वेळा दाबून जुना निर्वात संपवावा, पेडल दाबूनच ठेवून इंजिन सुरू करावे. पेडल किंचित खाली गेले तरच बूस्टर काम करतो आहे. ज्या गाडीत बूस्टर आहे आणि जिचे पेडल या चाचणीत खाली जात नाही, ती गाडी आंबोलीच्या उतारावर नेऊ नये.