सिएटलची शिक्षण-लेव्ही : पैसा कुणाचा, हिशेब कुणापुढे?

पुण्या-मुंबईत मालमत्ता कराच्या बिलात ‘शिक्षण कर’ असा रकाना असतो. तो राज्याच्या 1962 च्या कायद्याने आला. त्यावर कधी कुणी आपलं मत विचारलेलं नाही. अमेरिकेतल्या सिएटलमध्ये मात्र शिक्षणासाठीचा जादा मालमत्ता कर, म्हणजेच ‘लेव्ही’, मतपत्रिकेवर येतो. राज्याच्या कायद्यानुसार शहराला मालमत्ता कराचं नियमित उत्पन्न, नव्या बांधकामाचा भाग सोडला तर, वर्षाला 1 टक्क्याहून जास्त वाढवता येत नाही. त्यापुढे जायचं तर मतदारांची संमती लागते. ही संमती सिएटलकर 1990 पासून देत आले आहेत. 2018 मध्ये त्यांनी सात वर्षांसाठी सुमारे 61 कोटी 90 लाख डॉलर मंजूर केले. या पैशावर नजर ठेवायला नागरिकांचा समावेश असलेली एक देखरेख समिती आहे. गैरसमज कराबद्दलही आहेत आणि समितीबद्दलही.

गैरसमज : या पैशावर शहरातल्या शाळा चालतात.

नाही. वॉशिंग्टनच्या राज्यघटनेत सर्व मुलांच्या शिक्षणाची पुरेशी तरतूद हे राज्याचं सर्वोच्च कर्तव्य म्हटलं आहे. राज्य ते पुरेसं पाळत नाही, असा निकाल तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये मॅक्लिअरी खटल्यात दिला. सुधारणा होईना, तेव्हा 2015 मध्ये सरकारला दिवसाला 1 लाख डॉलर दंड लावला. राज्याने कर्तव्य पूर्ण केल्याचं न्यायालयाने मान्य केलं, ते 2018 मध्ये. शिवाय शाळांचा कारभार महापालिकेकडे नसतो. शाळा-जिल्हा ही वेगळी संस्था आहे. तिचं मंडळ वेगळं निवडून येतं आणि तिच्या लेव्हीही वेगळ्या असतात.

मग शहराचा पैसा जातो कुठे? बालवाडीला, शाळेच्या आवारातल्या आरोग्य केंद्रांना, मागे पडलेल्या मुलांच्या जादा शिकवणीला आणि सरकारी शाळांतून बारावी झालेल्यांच्या दोन वर्षांच्या मोफत कॉलेज शिक्षणाला. याचं मूळ 1990 चं आहे. वंशभेद मोडण्यासाठी मुलांना बसने दूरच्या शाळांत पाठवावं की नाही, यावरून शहर दुभंगलेलं होतं. पहिले कृष्णवर्णीय महापौर नॉर्म राइस यांनी नागरिकांची शिक्षण परिषद भरवली. त्याच वर्षी पहिली लेव्ही मंजूर झाली, सुमारे 6 कोटी 90 लाख डॉलरची. मूल वर्गात शिकायला तयार होऊन यावं, यासाठी शहराने हातभार लावायचा, ही त्यामागची दृष्टी. मला ती आजही योग्य वाटते.

गैरसमज : समिती पैसे वाटते. आणि याच्या अगदी उलट : समिती नावापुरतीच आहे.

दोन्ही चूक. पैसे वाटण्याचा अधिकार समितीला नाही. अंदाजपत्रक आणि अंमलबजावणीचा आराखडा नगर परिषद मंजूर करते, खर्च शहराचं शिक्षण खातं करतं. समिती सल्लागार आहे. पण महापौरांच्या प्रशासनाला हा आराखडा किंवा परिषदेची मंजुरी लागणारा निधीतला बदल परिषदेपुढे न्यायचा असेल, तर आधी समितीची शिफारस मागावी लागते. शिवाय कोणता कार्यक्रम सुधारायचा, कोणता बंद करायचा, यावरही ती मत देते. दरवर्षी तिच्यापुढे निकालांचा अहवाल येतो. नुसता खर्चाचा ताळेबंद त्यात पुरत नाही, मुलांमध्ये काय फरक पडला हेही सांगावं लागतं. ही शिस्त आधीच्या लेव्हींपासून मुरत आली आहे. 2011 च्या लेव्हीत तर शाळांच्या अनुदानाचा काही भाग ठरलेली उद्दिष्टं गाठण्याशी जोडला होता.

त्रुटी आहे ती वेगळीच. या समितीत नेमलेल्या नागरिकांबरोबर महापौर, परिषदेचा सदस्य, शाळांचे अधीक्षक आणि शाळा मंडळाचा सदस्यही बसतात. ज्यांच्या कामाची तपासणी व्हायची, तेच तपासणाऱ्यांच्या रांगेत! माहिती पटकन मिळते हा फायदा खरा, पण अधीक्षक शेजारी बसलेले असताना अडचणीचा प्रश्न विचारायला सामान्य पालकाला जड जाणारच. कॅलिफोर्नियाने 2000 साली शाळांच्या बांधकाम-रोख्यांसाठी मतदानाची अट दोन-तृतीयांशावरून 55 टक्क्यांवर आणली, तेव्हा नागरिक समिती सक्तीची केली. शाळा-जिल्ह्याचे अधिकारी, कर्मचारी आणि ठेकेदार यांना त्या समितीत बसायला कायद्याने बंदी आहे. सिएटलने हे उचलायला हवं.

गैरसमज : एकदा बसलेला कर कायमचा.

लेव्हीला मुदत असते. 2018 ची संपत आली, तेव्हा नोव्हेंबर 2025 मध्ये शहराला पुन्हा मतदारांपुढे जावं लागलं. या वेळी सहा वर्षांसाठी सुमारे 130 कोटी डॉलर मंजूर झाले. रक्कम दुपटीहून जास्त वाढली, म्हणजे समितीचं कामही तितकंच वाढलं.

गैरसमज : सिएटल परिसरात नोकरी करणाऱ्या सगळ्यांनाच हा कर लागतो.

सिएटलजवळची रेडमंड आणि बेलव्ह्यू ही स्वतंत्र शहरं आहेत. तिथल्या मराठी घरमालकांच्या बिलात ही लेव्ही नसते. सिएटलच्या हद्दीत घर असेल तर असते. भाडेकरूंना बिल येत नाही, पण घरमालक त्याचा भार भाड्यातून काढू शकतो. म्हणून समितीच्या खुल्या बैठकांना त्यांनीही जावं. तिथे दोन गोष्टी आवर्जून विचाराव्यात : बालवाडीतून निघालेली मुलं शाळेसाठी किती तयार आहेत, आणि वेगवेगळ्या वंशांच्या मुलांमधली दरी या वर्षी कमी झाली का?