सीमाभागातील मराठी शाळा

बेळगाव, खानापूर आणि निपाणी पट्ट्यातील सरकारी मराठी शाळा कर्नाटक शासनाच्या आहेत. शिक्षकांचा पगार कर्नाटकाच्या तिजोरीतून होतो, पुस्तके कर्नाटक पाठ्यपुस्तक सोसायटी मराठीत छापते आणि दहावीची एसएसएलसी परीक्षा मराठी माध्यमातून देता येते. ज्या गावांत या शाळा भरतात त्यांपैकी अनेक गावांवर मात्र महाराष्ट्राचा दावा आहे. दोन राज्यांच्या वादात सापडलेल्या मुलखात एका राज्याची नोकरी करून दुसऱ्या राज्याच्या भाषेत शिकवणे, हे येथील शिक्षकाच्या कामाचे वेगळेपण आहे.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्य पुनर्रचना अमलात आली. मुंबई राज्यातील बेळगाव जिल्हा, चंदगड तालुका वगळून, म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, गेला आणि चालत्या मराठी शाळांचे सरकार बदलले. सीमावाद सोडवण्यासाठी १९६६ मध्ये नेमलेल्या महाजन आयोगाने पुढच्या वर्षी अहवाल दिला. निपाणी, खानापूर यांसह २६४ गावे महाराष्ट्राला द्यावीत, बेळगाव शहर म्हैसूरकडे ठेवावे, अशी त्याची शिफारस होती. महाराष्ट्राने ती फेटाळली. २००४ मध्ये महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. महाराष्ट्र विधिमंडळाने डिसेंबर २०२२ मध्ये केलेल्या ठरावात ८६५ गावांचा उल्लेख आहे.

या शाळांचा कायदेशीर आधार दुहेरी आहे. पहिला आधार राज्यघटनेच्या ३५०-अ अनुच्छेदाचा. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिक्षण मिळण्याची सोय करण्याचा प्रयत्न प्रत्येक राज्याने करावा, असे तो सांगतो. दुसरा आधार ऑगस्ट १९४९ च्या प्रांतिक शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेत ठरलेल्या सूत्राचा. शाळेत ४० किंवा एका वर्गात १० मुले त्या भाषेची असली, तर त्या भाषेचा शिक्षक द्यायचा. घटनेच्या शब्दांना हजेरीपटावरचा आकडा जोडला गेला तो येथे.

राज्यभाषा किती आणि केव्हा शिकवायची, हा वाद मात्र मिटला नाही. कर्नाटक सरकारने नेमलेल्या गोकाक समितीने १९८१ मध्ये कन्नडला शाळेत प्रथम भाषेचे स्थान देण्याची शिफारस केली. जून १९८६ मध्ये कन्नडसक्तीविरोधात बेळगाव परिसरात आंदोलन पेटले आणि पोलिसांच्या गोळीबारात आंदोलक मृत्युमुखी पडले. त्यांचे स्मरण १ जूनला हिंडलगा येथील हुतात्मा स्मारकापाशी केले जाते. पुढे २०१५ च्या कायद्याने राज्यातील सर्व शाळांत कन्नड ही पहिली किंवा दुसरी भाषा म्हणून टप्प्याटप्प्याने सक्तीची झाली.

वर्गातले काम भाषांच्या या रचनेनुसार चालते. इंग्रजी विषय कर्नाटकात २००७-०८ पासून पहिलीलाच सुरू होतो. त्यामुळे मराठी शाळेतील मुलाला लहान वयातच देवनागरी, कन्नड आणि रोमन अशा तीन लिप्या गिरवाव्या लागतात. देवनागरीत अर्धे अक्षर पुढच्या अक्षराला बहुधा शेजारून चिकटते, कन्नडमध्ये जोडाक्षरातले दुसरे व्यंजन खाली येते. कन्नडमध्ये ए आणि ओ यांची ऱ्हस्व-दीर्घ रूपे वेगळी लिहितात, मराठीत तो भेद नाही. मराठीत दगड पुल्लिंगी, पाटी स्त्रीलिंगी, तर कन्नडमध्ये निर्जीव वस्तू सरसकट नपुंसकलिंगी. एसएसएलसीला मराठी प्रथम भाषा घेतल्यास तिचे गुण १२५ आणि उरलेल्या पाच विषयांचे प्रत्येकी १००, असे एकूण ६२५ गुण असतात.

कार्यालयीन कामाची भाषा कन्नड आहे. बेळगाव जिल्ह्यात बेळगाव आणि चिकोडी असे दोन शैक्षणिक जिल्हे असून निपाणी चिकोडीत मोडते. बीईओ म्हणजे गटशिक्षणाधिकारी कार्यालयाची परिपत्रके कन्नडमधून येतात. ती वाचून एसडीएमसी म्हणजे शाळा सुधारणा समितीला मराठीत समजावून सांगणे मुख्याध्यापकाकडे येते. १ नोव्हेंबरला हा दुहेरीपणा सर्वांत ठळक होतो. शासकीय आदेशानुसार शाळेत कर्नाटकाच्या स्थापनेचा राज्योत्सव होतो, तर सीमाभाग महाराष्ट्रात जावा अशी मागणी करणारी महाराष्ट्र एकीकरण समिती त्याच दिवशी काळा दिवस पाळते.

शाळेनंतरची वाटही सीमेच्या दोन्ही बाजूंना फुटते. निपाणीला लागून असलेले अर्जुननगर कागल तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात आहे. तेथील देवचंद महाविद्यालय कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाशी संलग्न असून त्याचा निपाणीकरांना मोठा आधार आहे. महाराष्ट्रातील अभियांत्रिकी आणि इतर व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या प्रवेशात वादग्रस्त सीमाभागातील मराठी मातृभाषेच्या विद्यार्थ्यांसाठी स्वतंत्र तरतूद आहे.

सीमेपलीकडे नेमके उलटे चित्र आहे. जत, अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूर तालुक्यांत महाराष्ट्र शासनाच्या हद्दीत कन्नड शाळा चालतात आणि त्यांची पुस्तके बालभारती कन्नडमध्ये छापते. मराठी सक्तीचा महाराष्ट्राचा २०२० चा कायदा त्यांनाही लागू आहे. डेन्मार्क आणि पश्चिम जर्मनी यांनी असाच प्रश्न १९५५ मध्ये कोपनहेगन-बॉन घोषणांतून हाताळला. दोघांनी आपापल्या हद्दीतील अल्पसंख्याकांना जवळपास सारखीच हमी दिली. त्यांची सीमा १९२० च्या सार्वमतानंतर ठरलेली होती. येथे सीमाच वादात असल्याने अशी परस्पर हमी झालेली नाही.

आजचा मोठा प्रश्न पटसंख्येचा आहे. शिक्षणाचे माध्यम निवडण्याचा हक्क पालकांचा, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ६ मे २०१४ रोजी कर्नाटकाच्याच खटल्यात दिला. कन्नडसक्तीतून सुटण्याची जी मुभा मराठी पालकांना हवी होती, तीच मुभा इंग्रजी माध्यमाकडे जाणाऱ्यांनाही मिळाली. पट घसरला की शिक्षकाच्या पदावर गदा येते आणि शिक्षक नसला की उरलेली मुलेही दुसरी शाळा शोधतात. सीमेचा निकाल कधीही आणि कसाही लागो, मराठी शाळा टिकायची तर वर्गात मुले आणि फळ्यापाशी मराठी शिक्षक लागतो. १९४९ चे सूत्रही शेवटी तेवढेच सांगते.