चैत्रगौरीसाठी निळं सरबत

चैत्र शुद्ध तृतीयेपासून अक्षय्य तृतीयेपर्यंत चालणाऱ्या हळदीकुंकवात पन्ह्याचा मान पहिला, तो राहूच दे. जोडीला मुलुंड-बोरिवलीच्या सोसायट्यांत कुंपणावर चढणारी गोकर्ण आहेच.

दहा पेल्यांसाठी औषध न फवारलेली २५-३० निळी फुलं हिरवे देठ काढून धुवा, दोन कप उकळत्या पाण्यात दहा मिनिटं झाकून ठेवा, गाळा. त्यात वाटीभर साखर, चिमूटभर मीठ विरघळवून गार पाणी घाला.

सहा लिंबांचा रस मात्र पाहुण्यांसमोरच! फुलातलं अँथोसायनिन आम्लात जांभळं होतं. गोकर्णीला चव जवळजवळ नाहीच. म्हणून चमचाभर गुलाबपाणी आणि ताडगोळ्यांच्या फोडी. सब्जा हवा तर घाला, मला तो गर्दी वाटतो.