अंगावरचं दूध आणि एचआयव्ही

एचआयव्ही आईच्या दुधातून बाळाकडे जाऊ शकतो, हे १९८५च्या सुमारास लक्षात आलं. मग सल्ला सोपा वाटला : अंगावर पाजू नका, डब्याचं दूध द्या. श्रीमंत देशांत तो चाललाही.

बोट्स्वानात सरकार असं दूध फुकट देत होतं. २००६च्या सुरुवातीला तिथे मुसळधार पाऊस झाला आणि जुलाबांची साथ आली. दगावलेल्या बाळांत अंगावर न पिणारीच बहुसंख्य होती. विषाणूपासून वाचवलेलं बाळ जुलाबानं जावं, हे फार क्लेशकारक आहे.

डर्बनमध्ये ॲना कौत्सुदिस यांच्या गटानं १९९९मध्ये अनपेक्षित आकडे मांडले. निव्वळ अंगावर पिणाऱ्या बाळांत तिसऱ्या महिन्यापर्यंत लागण सुमारे १५ टक्के. जोडीला पाणी, पेज किंवा वरचं दूध मिळणाऱ्यांत सुमारे २४ टक्के. वरच्या अन्नानं आतड्याच्या कोवळ्या अस्तराला इजा होऊन विषाणूला वाट मिळत असावी, असा कयास आहे. तान्ह्या बाळाला मध चाटवण्याची, घुटी देण्याची आपल्याकडची हौस पाहता हे इथेही ध्यानात ठेवायला हवं.

पुढे औषधं आली. पुणे, इथिओपिया आणि युगांडातल्या चाचणीत बाळांना सहा आठवडे नेव्हिरापिन दिलं गेलं. जन्मतः लागण नसलेल्या बाळांत सहाव्या आठवड्यापर्यंतची लागण ५.३ऐवजी २.५ टक्के दिसली. आता आईलाच कायमची औषधं मिळतात. ती नियमित घेतली आणि रक्तातला विषाणू दबलेला राहिला, तर दुधातून लागण होण्याचा धोका एक टक्क्याच्याही खाली येतो. तो शून्य मात्र होत नाही, म्हणून दूध तुटल्यानंतरही बाळाची तपासणी करावी लागते.