जिना चढताना दम लागतो का?

"दोनशेत एक," हृदयरोग विभागातल्या डॉक्टर म्हणाल्या. एचआयव्हीसह जगणाऱ्या दोनशे माणसांमागे साधारण एकाच्या फुप्फुसांकडे रक्त नेणाऱ्या धमन्या आतून जाड आणि अरुंद होत जातात. हृदयाच्या उजव्या कप्प्याला मग तेवढंच रक्त ढकलायला जास्त जोर लावावा लागतो. एरवी या प्रकारचा आजार दहा लाखांत मोजक्याच लोकांना होतो. दोनशेत एक हा आकडा डोक्यातून जाईना, म्हणून मी त्या डॉक्टरांच्याच सरकारी रुग्णालयात, एचआयव्हीच्या रुग्णांचं रक्त घेतात त्या खोलीत जाऊन बसले.

स्पिरिटचा वास आणि बाहेर बाकावर गर्दी. इथे नावाने हाक मारत नाहीत, नंबर पुकारतात. पट्टा, आवळलेली मूठ, सुई, जांभळ्या झाकणाची नळी: एकेका माणसाला दोन-तीन मिनिटं. पण इथले टेक्निशियन नळी हलक्या हाताने उलटीसुलटी करता करता प्रत्येकाला एक प्रश्न विचारतात. "मावशी, जिना चढताना दम लागतो का?" हा प्रश्न त्यांच्या कुठल्याही फॉर्मवर नाही. उत्तर 'हो' आलं की कागदाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने लिहितात: दम.

एक पन्नाशीच्या बाई होत्या, चार घरची धुणीभांडी करणाऱ्या. "गोळ्या एक दिवस चुकवत नाही. रिपोर्ट टीएनडी आहे. रक्त कमी असेल अंगात, दुसरं काय!" त्यांचं पहिलं म्हणणं शंभर टक्के खरं होतं. टीएनडी, म्हणजे रक्तात विषाणू सापडत नव्हता. पण हा आजार व्हायरल लोड किंवा सीडी-४ पेशींचा आकडा पाहून ओळखता येत नाही. औषधांनी विषाणू दबला तरी शरीरातली धुमसती सूज पुरती विझत नाही, आणि ती धमन्यांच्या आतल्या अस्तराला जाचत राहते. एचआयव्ही आणि या आजाराचा संबंध वैद्यकीय नियतकालिकात पहिल्यांदा नोंदला गेला तो 1987 साली. आपल्याकडे एचआयव्हीची मोफत औषधं 2004 मध्ये सुरू झाली. तेव्हा जी माणसं वाचली, ती आज या वयात पोचली आहेत. त्यांचा दम वयावर, नाहीतर रक्त कमी असण्यावर ढकलणं फार सोपं आहे.

कागदाच्या कोपऱ्यातलं 'दम' पाहून डॉक्टरांनी बाईंची एनटी-प्रोबीएनपी ही रक्ताची तपासणी लिहून दिली. हृदयाचा स्नायू ताणला गेला की हा पदार्थ रक्तात उतरतो. आजाराचं निदान झालेल्यांत 300 च्या आतला आकडा दिलासा देतो, 1100 च्या वरचा काळजीत टाकतो. मात्र मूत्रपिंड कमजोर असेल तर तो उगाच चढतो, लठ्ठपणात खाली राहतो, आणि आजाराच्या सुरुवातीला अगदी साधाही येऊ शकतो. एन्डोथेलिन, इंटरल्युकिन-६, एडीएमए अशा इतर खुणांवर संशोधन चालू आहे, पण एकट्या रक्तावर अजून कुणी निदान करत नाही. इकोमध्ये, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, उजव्या बाजूच्या झडपेतून उलट फिरणाऱ्या रक्ताचा वेग सेकंदाला 2.8 मीटरच्या वर गेला की संशय बळावतो. शेवटचा शब्द उजव्या हृदयात नळी घालून मोजलेल्या दाबाचा: सरासरी 20 मिलिमीटरहून जास्त.

निदान झाल्यावरही सांभाळावं लागतं. या आजारात सिल्डेनाफिल देतात, पण एचआयव्हीच्या दुसऱ्या फळीच्या औषधांतलं रिटोनाविर सोबत असेल तर सिल्डेनाफिलची रक्तातली पातळी धोकादायक चढते. म्हणून दोन्ही विभागांच्या डॉक्टरांनी एकमेकांशी बोलणं अत्यावश्यक आहे. मला राग येतो तो याचा, की ही सगळी साखळी एका न छापलेल्या प्रश्नावर लटकली आहे. एनटी-प्रोबीएनपी सगळ्यांची करा असं मी म्हणत नाही, ती महाग आहे. पण प्रश्नाला पैसे पडत नाहीत. चार हजार माणसांची नोंद असलेल्या एचआयव्ही उपचार केंद्रात दोनशेत एक म्हणजे वीस जण. तो प्रश्न प्रत्येक केसपेपरवर छापलेला हवा.

बाईंना इकोची तारीख मिळाली. कामावर खाडा पडेल म्हणून त्या कुरकुरल्या, तेव्हा टेक्निशियन उठून इको विभागात गेले आणि सकाळचा पहिला नंबर घेऊन आले.