धुराडे साफ, तरच चूल निर्धूर

निर्धूर चुलीचा राष्ट्रीय कार्यक्रम १९८३ साली सुरू झाला आणि २००२ साली गुंडाळला गेला. चुली बसल्या, नळ उभे राहिले. पण नळ साफ कधी करायचा, हे घरोघरी कुणी बसून सांगितले नाही. मग वर्षभरात घरात धूर कोंडू लागला की बाया म्हणायच्या, "ही चूलच खोटी!" चूल खोटी नव्हती, नळ तुंबला होता. २०१६ पासून उज्ज्वला योजनेचा गॅस आला, तरी अंघोळीचे पाणी अन् भाकरी बऱ्याच घरांत आजही चुलीवरच होते. म्हणून हा विषय जुना झालेला नाही.

चार इंची नळात चोहोबाजूंनी अर्धा इंच काजळी धरली, तर भोक तीन इंचीच उरते. म्हणजे धुराची वाट जवळजवळ निम्मी बंद! धूर उलटा घरात येतो, डोळे चुरचुरतात, खोकला जडतो. थंडीत दारे-खिडक्या लावून चूल पेटवली तर हा विषारी वायू जिवावर बेतू शकतो. शिवाय साचलेली काजळी कधी पेट घेईल याचा नेम नाही. वर पाचटाचे किंवा गवताचे छप्पर असेल तर मग विचारायलाच नको.

साफसफाई किती दिवसांनी? वाळके लाकूड रोज जळत असेल तर महिन्यातून एकदा. ओले सरपण, गोवऱ्या, पऱ्हाट्या, तुराट्या असतील तर दर पंधरा दिवसांनी. पावसाळ्यात सरपण दमट असते, तेव्हा जास्तच लक्ष द्यावे. तारखेची वाट मात्र पाहू नये. आत एक सूत जाडीची काजळी दिसली किंवा वैलातून धूर बाहेर येऊ लागला, की लगेच नळ झाडावा.

चूल रात्रभर थंड होऊ द्यावी. नाकातोंडाला फडके बांधावे. वरची टोपी काढून लांब बांबूच्या टोकाला गोणपाट घट्ट गुंडाळावे आणि नळात वर-खाली फिरवावे. खाली पडलेली काजळी वैलातून काढावी. चुलीपासून वैलाकडे जाणारी वाटही मोकळी करावी. पुष्कळदा काजळी तिथेच अडते. टोपी पुन्हा बसवायला विसरू नये.

जुने नळ बहुधा अॅस्बेस्टॉस सिमेंटचे आहेत. ते तारेने किंवा खराट्याने कोरडे खरवडू नयेत. त्याची धूळ फुप्फुसाला घातक असते. ओल्या गोणपाटानेच पुसावेत. तडा गेला असेल तर पत्र्याचा नळ बसवावा, आणि तो छपरातून जातो तिथे गवत-पाचट दूर ठेवावे.

ग्रामपंचायतीने पावसाळ्याआधी एक ग्रामसभा या कामासाठी द्यावी आणि वस्तीवर एखाद्या चुलीचा नळ सर्वांसमोर साफ करून दाखवावा. याला निधी लागत नाही, एक बांबू आणि एक गोणपाट पुरते.