मानेचे ऑपरेशन आणि अडकणारा घास

"ऑपरेशन मानेचं झालं, मंग घास घशात काहून अडकते जी?"

कारंजा तालुक्यातील कामरगावी आमच्या शेजारच्या काकांनी मला हा प्रश्न विचारला. नागपूरला ऑपरेशन होऊन त्यांना आठवडाच झाला होता. पेल्यातले पाणी ते घोट घोट पीत होते आणि प्रत्येक घोटाला ठसका लागत होता. मी पडलो पदार्थविज्ञानाचा प्राध्यापक. पण हा प्रश्न बराचसा दाबाचाच आहे!

मित्रांनो, आधी एक प्रयोग करा. गळ्याच्या पुढच्या उंचवट्यावर बोट ठेवून आवंढा गिळा. उंचवटा वर सरकून पुन्हा खाली आला ना? ते स्वरयंत्र. ते वर आणि पुढे सरकते, त्यावरचे झाकण मिटते, अन्ननलिकेचे तोंड उघडते आणि घास श्वासनलिकेत न शिरता पोटाकडे जातो. हे सारे साधारण एका सेकंदात घडते. आता मान मागे टाकून, छताकडे पाहत आवंढा गिळा. (तोंड रिकामे असू द्या बरे!) किती जड जाते पाहा.

गळ्यात पुढे श्वासनलिका, तिच्यामागे अन्ननलिका आणि अन्ननलिकेच्या लगेच मागे मणके, अशी रचना असते. मानेत सात मणके असून त्यांच्यामध्ये मऊ चकत्या असतात. अशी एखादी चकती मागे सरकली, की ती मज्जारज्जूला दाबते. हात बधिर होतात, चालताना तोल जातो. काकांचे असेच झाले होते. पाठीमागून चकतीकडे जावे तर मज्जारज्जूच आड येतो. म्हणून रॉबिन्सन व स्मिथ यांनी १९५५ साली आणि होनोलुलूच्या क्लोवर्ड यांनी १९५८ साली गळ्याच्या पुढून जाण्याची वाट दाखवली. चकती काढायची, तेथे हाडाचा तुकडा बसवायचा आणि मणके एकमेकांशी जुळू द्यायचे. पुढे त्यावर धातूची पट्टी स्क्रूने बसवू लागले.

पण पुढून जायचे म्हणजे अन्ननलिका व श्वासनलिका बाजूला ओढून धरणे आले. अडचण येथेच सुरू होते. नखाचे टोक दाबा. ते पांढरे होते, कारण बारीक रक्तवाहिन्यांतले रक्त हटते. या केशवाहिन्यांतील दाब सुमारे २५ ते ३० मिलिमीटर पारा, म्हणजे ३४ ते ४१ सेंटिमीटर पाण्याच्या स्तंभाएवढा असतो. बाहेरून त्याहून जास्त दाब बराच वेळ राहिला, तर तेथील पेशींना रक्त मिळत नाही; मग सूज येते. किती दाब आणि किती वेळ, या दोन्हींवर इजा अवलंबून असते.

दाब केवळ हत्याराचाच नसतो. भूल देताना श्वासनलिकेत जी नळी घालतात, तिच्याभोवती हवेचा छोटा फुगा असतो. त्यातला दाब साधारणपणे २० ते ३० सेंटिमीटर पाण्याइतका ठेवतात. पण बाहेरून श्वासनलिका ओढली, की बंद फुग्यातला दाब वाढतो आणि स्वरयंत्राची नस मध्येच चेपते. २००० साली अपफेलबाउम व सहकाऱ्यांनी ९०० रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. हत्यार लावल्यावर फुग्यातली हवा सोडून पुन्हा बेताने भरायची, एवढ्याच युक्तीने स्वरपट्टी तात्पुरती लुळी पडण्याचे प्रमाण सुमारे ६ टक्क्यांवरून २ टक्क्यांच्या आत आले. ना नवे औषध, ना महागडे यंत्र!

इतर उपायही याच जातीचे. अधूनमधून हत्यार सैल करायचे. पातळ, गुळगुळीत पट्टी वापरायची. काही ठिकाणी सूज रोखणारे स्टेरॉइड जागेवरच देतात. काही सर्जन ऑपरेशनच्या आधी काही दिवस श्वासनलिका हाताने हळूहळू बाजूला सरकवण्याचा सराव करवतात. ताण सावकाश दिला की ऊती सैलावतात. तुम्ही मात्र हा प्रयोग मुळीच करू नका. मानेत मेंदूला रक्त नेणाऱ्या धमन्या आहेत. मागून काम भागत असेल तर अन्ननलिकेला धक्काच लागत नाही. मानेच्या पहिल्या दोन मणक्यांना मागूनच स्क्रूने जखडण्याची पद्धत मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. अतुल गोयल यांनी १९९४ साली मांडली आणि ती जगभर गेली. पण प्रत्येक आजाराला मागची वाट चालत नाही.

एवढे करूनही त्रास पुष्कळांना होतो. २००२ सालच्या एका अमेरिकन पाहणीत महिन्यानंतर निम्म्या रुग्णांना गिळताना अडचण होती. वर्षानंतर मात्र ती सुमारे आठांत एकालाच उरली.

मग काकांना पाणीच का बाधत होते? पाणी पातळ, ते झरझर वाहते; सुजलेल्या गळ्यातले झाकण मिटण्याआधीच पुढे धावते. घट्ट पेज सावकाश सरकते. डॉक्टरांनी त्यांना ताठ बसून, हनुवटी किंचित खाली घेऊन, लहान घास घ्यायला सांगितले होते. घरचे लोक मात्र प्रेमाने आडवे निजवूनच पाणी पाजत होते! ऑपरेशननंतर गळा फुगू लागला किंवा श्वास कोंडू लागला, तर तो साधा त्रास नव्हे. आत रक्त साचून श्वासनलिका दाबली जात असू शकते. तत्काळ रुग्णालय गाठावे लागते. जेवताना ठसका लागून पुढे ताप आला, तर अन्न फुप्फुसात गेल्याची शंका घ्यावी.

काकांची मुगाची घट्ट खिचडी सुरू झाली. सहाव्या आठवड्यात त्यांनी ज्वारीची भाकर दुधात कुस्करून खाल्ली. ठेचा मात्र काकूंनी अजून फडताळात वरच ठेवला आहे.